घ्या, धरा, सोडा

दिपेश परबची नोकरी तीन शब्दांची होती. घ्या, धरा, सोडा. बाकीचं सगळं यंत्र करायचं. त्याची बायको स्वरदा चेष्टेनं म्हणायची, "मी दिवसभरात तीन हजार शब्द बोलते, मला कोण पगार देतंय?" दिपेश हसायचा. त्या वेळी त्याला हसू येत असे.

साकीनाक्याच्या मागच्या गल्लीत, बॅगांना चेन लावणाऱ्या गाळ्यांच्या रांगेत एक चारमजली इमारत आहे. तिच्या तळघरात स्कॅन सेंटर. वर गल्लीत माणसं, हातगाड्या, टेम्पो आणि शिव्या. खाली उतरलं की थंडगार, पांढरं, खिडकी नसलेलं जग. भर दुपार आहे की पहाट, हे तिथं घड्याळाला विचारावं लागतं. आणि यंत्र बंद असलं तरी त्याच्या पोटातून एक आवाज अखंड येत राहतो. चिक्... चिक्... चिक्... दिपेशला तो आठ वर्षांत ऐकूच येईनासा झाला होता.

साध्या एमआरआयला फुप्फुस नीट दिसत नाही. हवा भरलेली जागा त्याला काळी दिसते. म्हणून डॉक्टर मधुवंती मॅडमनी दोन वर्षांपूर्वी परदेशातून नवी सामग्री आणून अभ्यास सुरू केला होता. झेनॉन नावाचा वायू असतो. तो शेजारच्या खोलीत एका खास यंत्रात तयार करायचा, एक लिटरच्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायचा आणि पेशंटनं नळीतून ओढून दहा-बारा आकडे धरून ठेवायचा. फुप्फुसात वायू जिथं पोचतो तिथं पडद्यावर पांढरं दिसतं. पोचत नाही तिथं काळं. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुस दिसतं, पण हवा कुठं जाते आणि कुठं जात नाही ते इथंच कळतं. मात्र त्या वायूची चमक माणसाच्या आत मिनिटभरही टिकत नाही. पेशंटनं श्वास लवकर सोडला की पिशवी फुकट गेली.

यंत्रात सूचना देणारा एक रेकॉर्ड केलेला आवाज होता, पण तो पडला शुद्ध हिंदी. कोळीवाड्यातल्या आणि गिरणगावातल्या म्हाताऱ्यांना तो कोण्या मंत्र्याचं भाषण वाटायचा. म्हणून दिपेश स्वतःच माइकवर बोलायचा. "घ्या. धरा. सोडा." आणि पिशवी देण्याआधी प्रत्येकाला बजावायचा, "मी सोडा म्हटल्याशिवाय सोडायचा नाही हां."

हे वाक्य तो जूनपर्यंत म्हणत होता. जूननंतर त्यानं ते टाकून दिलं.

त्याचं कारण चंपामावशी. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, सत्तरीची, हाडकुळी बाई. चाळीस वर्षं सुकी मासळी भाजत, धुरात बसून छाती गेलेली. पहिल्या खेपेला तिनं पाचव्या आकड्यालाच श्वास सोडला. दिपेश वैतागला, कारण त्या दिवशी गॅस दोनच पिशव्यांपुरता होता. दुसऱ्या खेपेला तो तिच्यावर डाफरला. "मावशी, मी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही म्हणजे नाही. जीव गेला तरी नाही." ती खुदकन हसली. "नाय सोरत रं पोरा. तू बोललास की मंगच." कोळीवाड्यातल्या जुन्या बायका 'ड'चा 'र' करतात, तसं.

त्या दिवशी विमला सिस्टर रजेवर होती. पेशंटजवळ आत एक माणूस उभा हवाच, असा नियम. दिपेशनं तो मोडला. स्वतःच मावशीच्या तोंडात नळी दिली, पिशवी धरली, धावत बाहेर येऊन बटण दाबलं आणि माइकवर म्हणाला, "धरा." चित्र असं काही सुरेख उमटलं की दोन वर्षांत तसं आलं नव्हतं. डाव्या फुप्फुसाचा खालचा कोपरा तोडून घेतल्यासारखा काळा, बाकी लख्ख. त्यानं आनंदात मॅडमना फोन लावला. "मॅडम, खाली या ना, झकास आलंय." मग फाइल सेव्ह केली, नाव टाकलं, पाण्याचा घोट घेतला.

आणि मग काचेतून पाहिलं.

तिचे गाल फुगलेले होते. ओठ जांभळे पडलेले. डोळे सताड उघडे आणि थेट त्याच्याकडे लागलेले. ती वाट पाहत होती. तो आत धावला, नळी ओढून काढली, तिला हलवलं, तेव्हा तो श्वास आपोआपच बाहेर पडला. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. दहा मिनिटांनी मावशी उठून बसली, चहा प्याली, त्याच्या पाठीवर थाप मारून गेली. अकराव्या दिवशी ती घरीच वारली. आजार जुनाच होता, कोणी कोणाला बोल लावला नाही. रिपोर्ट न्यायला तिची मुलगी नेत्रा आली. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "शेवटचे दोन दिवस आई सारखी श्वास धरून ठेवायची. आम्ही सांगायचो, अगं सोड. ती मान हलवायची. म्हणायची, तो पोरगा अजून बोलला नाय."

दिपेशनं ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला आठवलं आणि तो उठून बसला. त्या दिवशी, त्या सगळ्या धावपळीत, 'सोडा' हा शब्द त्याच्या तोंडून निघालाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं.

रोज पहिल्या पेशंटआधी एक रिकामी फेरी काढायची असते. टेबलावर कोणी नाही, पिशवी नाही, गॅस नाही. यंत्र बरोबर आहे ना, एवढंच बघायचं. पडदा काळा यायला हवा, कारण झेनॉनच नाही तर चमकणार काय? त्या दिवशी पडद्याच्या मधोमध एक पुसट डाग आला. बोटाएवढा. दिपेशनं इंजिनिअरला बोलावलं. तो तारा तपासून, खांदे उडवून गेला. आठवड्यानं डाग दोन झाले. गणपती झाले तोवर त्यांना आकार येऊ लागला होता. दिपेश रोज ती फेरी काढायचा, पाहायचा आणि पुसून टाकायचा. चोराच्या मनात चांदणं. मॅडमना दाखवलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, हे कोणासारखं दिसतंय रे?

आता बाबांविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन थांबलं.

अनंता परब, वय त्र्याहत्तर. तरुणपणी गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. संपानंतर मिळेल ते काम केलं आणि शेवटी चारकोपच्या सेक्टरमधल्या वनरूममध्ये स्थिरावले. पण त्यांची खरी ओळख भजनीबुवा म्हणून. दोन बुवांच्या डबलबारीच्या सामन्याला उभे राहिले की एक आलाप असा लांबवायचे की समोरचा बुवा घाम पुसायचा. त्याच छातीत गिरणीचा कापूस आणि बिड्यांचा धूर बसला. आता पलंगापासून मोरीपर्यंत जाताना ते दोनदा भिंतीला टेकायचे. रात्रभर नाकात ऑक्सिजनची नळी.

मधुवंती मॅडमनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. "दिपेश, बाबांच्या उजव्या बाजूचा वरचा भाग जर पूर्ण बंद असेल तर तिथं छोटी झडप बसवता येईल. निकामी भाग आक्रसेल आणि चांगल्या भागाला जागा मिळेल. मग ते जिना चढतील. पण तो भाग थोडा जरी चालू असला तर झडप बसवून उलट वाट लागेल. हे झेनॉनशिवाय मला कळणार नाही. आणि सोमवारी गॅसचं यंत्र परत जातंय, अभ्यास संपला. शनिवारी एक पिशवी निघेल. एकच."

एकच पिशवी. म्हणून आठ दिवस दिपेश घरी घड्याळ लावून बाबांकडून सराव करून घेत होता. बाबा सातव्या आकड्याला खोकायचे. आठव्याला. शुक्रवारी संध्याकाळी दिपेशचा धीर सुटला आणि जे वाक्य जिभेवर येऊ द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, ते निघून गेलं.

"बाबा, मी सोडा म्हटल्याशिवाय सोडायचा नाही."

बाबांनी हसून ऐटीत मान हलवली. "झिला, बुवा आसंय मी. तू सांगशीत तोपर्यंत धरतंय." आणि त्यांनी खरोखरच पंधरा आकडे श्वास धरला. दिपेशला आनंद व्हायला हवा होता. त्यानं घाईघाईनं 'सोडा' म्हटलं आणि घड्याळ बंद केलं.

शनिवारी दुपारी बापलेक रिक्षानं निघाले. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता, खिशात तंबाखूची डबी, हातात घडी केलेली टोपी. वाटेत त्यांनी दोन्ही हात जोडून गावच्या देवाला पुटपुटत गाऱ्हाणं घातलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. दिपेशनं त्यांना सेंटरमध्ये खुर्चीवर बसवलं. विमला सिस्टर त्यांची डबी, अंगठी, दंडावरचा ताईत काढून घेऊ लागली. ताईत देताना बाबा कां कूं करत होते.

"आजोबा, आत लोखंड-तांबं काही चालत नाही."

"अगो बाये, तांब्याचो नाय, देवाचो आसा तो."

सिस्टर हसली. दिपेश आत, काचेमागच्या खोलीत गेला आणि त्यानं रिकामी फेरी लावली.

यंत्र धडधडलं. पडद्यावर पट्ट्या वरून खाली भरत गेल्या.

काळा पडदा आला नाही. दोन फुप्फुसं आली. लहानशी, पूर्ण फुगलेली, काठोकाठ भरलेली. पांढरीशुभ्र. डाव्या फुप्फुसाचा खालचा कोपरा तेवढा तोडून घेतल्यासारखा काळा.

दिपेशनं काचेतून पाहिलं. टेबल रिकामं होतं. चादरीवर सुरकुतीसुद्धा नव्हती. ज्या वायूची चमक मिनिटभर टिकत नाही, तो जूनमध्ये आत घेतलेला वायू ऑक्टोबरात चमकत होता. कोणीतरी तो अजून धरून ठेवला होता.

आणि खोलीत वास होता. वाळत घातलेल्या बोंबलांचा, खारा, उन्हाचा. जमिनीखाली, एसीत.

तो उठला. मॅडमना सांगावं, आज नको म्हणावं, असं मनात आलं. पण शेजारच्या खोलीचं दार उघडून मधुवंती मॅडम पिशवी घेऊनच आल्या. "चल दिपेश, चमक उतरायच्या आत. बाबांना घेतलंय ना आत?" सिस्टर बाबांना टेबलावर निजवून छातीभोवती पट्टा बांधत होती. पिशवी भरली की घड्याळ सुरू होतं. पुढची पिशवी नाही. पुढचा शनिवार नाही. बाबांच्या पुढच्या सगळ्या वर्षांचा निकाल त्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. दिपेशनं पडदा पुसला आणि खुर्चीत बसला.

टेबल बोगद्यात सरकलं. बाबांच्या कानांवर हेडफोन होते. सिस्टरनं नळी त्यांच्या तोंडात दिली आणि दिपेशकडे पाहून अंगठा वर केला. मॅडम त्याच्या खांद्यामागे उभ्या होत्या.

"बाबा, घ्या." तो माइकवर म्हणाला. "घ्या... घ्या... धरा."

पिशवी चिपाड झाली. यंत्र धडधडू लागलं. एक, दोन, तीन. पडद्यावर बाबांची फुप्फुसं उमटत होती, मोठी, भजन करणाऱ्या माणसाची. डावीकडे पांढरं. उजवीकडे खाली पांढरं. उजवीकडे वर काळं. मिट्ट काळं.

"बंद आहे!" मॅडम कुजबुजल्या. "पूर्ण बंद आहे, दिपेश. झडप बसणार." त्यांनी त्याचा खांदा दाबला आणि त्या बाहेर वळल्या. फोन लावायला, तारीख ठरवायला. त्याचे डोळे भरून आले. नऊ, दहा, अकरा.

तेवढ्यात आतल्या स्पीकरमधून आवाज आला. अगदी हळू. धापा न टाकता, छातीत श्वास कोंडून माणूस जसा बोलतो तसा.

"सोरू का रं, पोरा?"

दिपेशचा हात बटणावर होता तसाच राहिला. बाबांच्या तोंडात नळी होती. सिस्टर ओठ मिटून पिशवीकडे बघत होती.

"लय दिस झाले..." आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. हेच सर्वांत वाईट होतं. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तू बोलला नाय... सोरू का?"

पडद्यावर बाबांच्या मोठ्या फुप्फुसांच्या आत एक लहान जोडी दिसू लागली होती. भांड्यात भांडं ठेवावं तशी.

चार महिने त्याच्या घशात अडकून पडलेलं एकदम वर आलं. त्यानं माइक तोंडाजवळ ओढला आणि रडतच म्हणाला, "सोडा, मावशी. सोडा. चुकलो मी. सोडा आता."

आणि स्पीकरमधून एक श्वास बाहेर पडला. तो लांबत गेला, लांबत गेला. एका छातीत मावणार नाही इतका. काचेवर आतून धुकं धरलं. बोंबलांचा वास भपकन आला आणि विरून गेला. पडद्यावरची लहान जोडी पुसली गेली. यंत्र थांबलं. चिक्... चिक्... चिक्... दिपेशनं खुर्चीत मान टेकली. सुटलो, असं त्याला वाटलं. आपण सुटलो, मावशी सुटली.

मग त्याला सिस्टरचा हात दिसला. ती काचेवर थापा मारत होती.

बाबांनी श्वास सोडला नव्हता.

"बाबा, सोडा!" तो माइकमध्ये म्हणाला. मग ओरडला, "सोडा! बाबा! सोडा!" बाबा त्याच्याकडे बघत होते. गाल फुगलेले, डोळे उघडे. बोटावरच्या यंत्राचे आकडे उतरत होते. नव्वद. सत्त्याऐंशी. त्र्याऐंशी. सिस्टर नळी ओढत होती आणि बाबांनी ती दातांत घट्ट धरली होती. दिपेश दार उघडून आत धावला, दोघांनी मिळून टेबल बाहेर खेचलं, पट्टा सोडला, दिपेशनं त्यांना उठवून छातीशी धरलं आणि पाठीवर जोरात थाप मारली. तेव्हा कुठं तो श्वास फुटला.

बाबा बराच वेळ खोकत होते. ओठांवर रंग आल्यावर ते नाराजीनं म्हणाले, "किती येळ धरूक लावलंस रे? सांगलंस नाय ता?"

"बाबा, मी दहा वेळा सांगितलं! सिस्टर, तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं ना," सिस्टर म्हणाली. "काचेतून आतपर्यंत ऐकू आलं, एवढा मोठा आवाज होता."

बाबांनी मान हलवली. ते दिपेशकडे असे बघत होते की जणू पोरानं काहीतरी आपल्याला न देता दुसऱ्याला देऊन टाकलं.

"तू मावशीक सांगलंस," ते म्हणाले. "माका खय सांगलंस?"

रिपोर्ट उत्तम आला. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली. स्वरदानं घरात शिरा केला. सगळे खूश होते आणि दिपेश बाबांच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसला होता. कारण रविवारी दुपारी जेवून बाबा आडवे झाले आणि त्यांची छाती वर गेली ती खाली आलीच नाही. ते जागे होते. त्याच्याकडे बघत होते. त्यानं हळूच म्हटलं, "सोडा, बाबा." छाती खाली आली. त्यांनी दोन-चार श्वास सरळ घेतले. मग पुन्हा छाती वर गेली आणि थांबली.

त्यानं आपला आवाज मोबाईलमध्ये भरून लावून बघितला. चालला नाही. स्वरदाला म्हणायला लावलं. चाललं नाही. त्याचाच आवाज लागायचा, तोंडून निघालेला, आणि एका वेळी धरलेल्या एकाच श्वासापुरता. त्यानं सोमवारपासून रजा टाकली. पाळीपाळीनं झोपायचा प्रश्नच नव्हता, कारण पाळी घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. बाबांना थोडी गाढ झोप लागली की श्वास आपोआप चालायचा, तेवढ्यात तो डोळे मिटून घ्यायचा. स्वरदा म्हणाली, "अहो, तुम्ही मांत्रिकासारखे बसलात. डॉक्टरांना सांगा." त्यानं सांगितलं. मधुवंती मॅडम म्हणाल्या, "भीती बसली असेल त्यांना. वयस्कर माणसांत होतं असं. झडप बसली की श्वास मोकळा होईल, विसरतील."

गुरुवारी झडप बसली. अंधेरीचं हॉस्पिटल, ऑपरेशन अर्ध्या तासाचं. सगळं ठीक झालं. मॅडम बाहेर येऊन हसल्या. "आजची रात्र आयसीयूत. उद्या सकाळी भेटायची वेळ दहा ते सव्वादहा, एकालाच."

रात्रभर दिपेश बाहेरच्या बाकड्यावर बसून होता. मध्यरात्रीपर्यंत बाबा गुंगीतच होते आणि यंत्रच त्यांचा श्वास चालवत होतं, म्हणून तोही थोडा पेंगला. सकाळी दहाला त्याला आत सोडलं. बाबांची नळी काढली होती, ते शुद्धीवर होते. नर्स तक्रारीच्या सुरात म्हणाली, "काका श्वास धरून बसतात हो. अलार्म वाजला की मी येऊन हलवते, मग सोडतात. असं का करताय काका, विचारलं तर म्हणतात मुलगा सांगेल."

"सोडा, बाबा," दिपेश म्हणाला. छाती खाली आली. त्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि पंधरा मिनिटं तेच म्हणत राहिला. सोडा, बाबा. सोडा. बाबा शांतपणे श्वास घेत होते, पूर्वीपेक्षा खोल. झडपेनं काम केलं होतं. त्यांची छाती दहा वर्षांत इतकी चांगली चालली नव्हती.

सव्वादहाला वॉर्डबॉयनं खांद्यावर हात ठेवला. दिपेश हातापाया पडला, नर्सला विनवलं, मॅडमना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. "साहेब, नियम आहे, सगळ्यांचेच पेशंट आत आहेत," वॉर्डबॉय म्हणाला आणि त्यानं त्याला हळूच दाराबाहेर काढलं. दार जाड काचेचं होतं. मागे बंद झाल्यावर आतला आवाजच येईना.

त्याच वेळी खिशातला फोन थरथरला. मॅडमचा मेसेज होता. त्या साकीनाक्याला होत्या. सोमवारी न्यायचं राहिलेलं गॅसचं यंत्र आज सकाळी ट्रकवर चढवणार होते, म्हणून शेवटची रिकामी फेरी काढली होती. खाली एक फोटो होता आणि एक ओळ. "दिपेश, शनिवारचं चित्र पुसलं नव्हतंस का रे? रिकाम्या फेरीत हेच येतंय."

त्यानं फोटो मोठा केला. मोठी, रुंद फुप्फुसं. काठोकाठ भरलेली. उजवीकडे वर मिट्ट काळं.

चंपामावशी गेल्याचं ज्या दिवशी कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पडद्यावर पहिला डाग आला होता. तोही बोटाएवढाच. हे चित्र पूर्ण होतं.

दिपेशनं वर पाहिलं. काचेपलीकडे बाबांची छाती वर गेलेली होती. गाल फुगलेले, डोळे सताड उघडे आणि थेट त्याच्याकडे लागलेले. पलंगाशेजारच्या पडद्यावर आकडा उतरत होता आणि नर्स पाठमोरी, दुसऱ्या पेशंटची सलाईन लावत होती. त्यानं दोन्ही तळवे काचेवर ठेवले.

"सोडा, बाबा," तो म्हणाला. "सोडा. सोडा ना."

त्याच्या तोंडची वाफ काचेवर धरली. ती पुसून त्यानं आत पाहिलं. बाबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, मागच्या शुक्रवारी सराव करताना हलवली होती तशीच, लाडात, बुवाच्या ऐटीत. धरतंय, झिला. तू सांगशीत तोपर्यंत.